संघटनेच्या वर्गणीत काय मिळते? जळगावातील एका निवृत्तिवेतन सल्ला केंद्राविषयी

संघटनेची वर्गणी भरणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याला तिच्या बदल्यात नेमके काय मिळते, हा प्रश्न संपाच्या धामधुमीत कोणी विचारत नाही आणि संप मिटल्यावर तो विचारण्याची कोणाला गरज वाटत नाही. जळगावात जिल्हाधिकारी कार्यालयापासून पायी जाता येईल अशा अंतरावर, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, आमची कर्मचारी संघटना जे निवृत्तिवेतन सल्ला केंद्र चालवते, ते माझ्या मते या प्रश्नाचे बऱ्याच अंशी समाधानकारक उत्तर आहे. मात्र ते सर्वांसाठी सारखे समाधानकारक नाही आणि कोणासाठी नाही, हे सांगितल्याशिवाय हे परीक्षण पुरे होणार नाही. मी महसूल विभागात अव्वल कारकून आहे, नोव्हेंबर 2005 नंतर सेवेत रुजू झालेला आहे आणि या संघटनेचा वर्गणीदार सभासद आहे. पुढे काही उणेही लिहायचे असल्यामुळे संघटनेचे नाव येथे देत नाही. जिल्ह्यातल्या सरकारी कार्यालयांत वावरणाऱ्यांना ते ओळखता येईल, इतरांना त्याची आवश्यकता नाही.

केंद्र कार्यालयीन दिवशी सायंकाळी आणि शनिवारी सकाळपासून दुपारपर्यंत उघडे असते. राज्य शासनाने 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा लागू केल्यानंतर शनिवार मोकळा झाला आणि तेव्हापासून रावेर, मुक्ताईनगर, चोपडा अशा लांबच्या तालुक्यांतले कर्मचारी त्याच दिवशी येतात, त्यामुळे शनिवारी जिन्यापर्यंत रांग लागते. सभासदांना सल्ला विनामूल्य आहे. बिगरसभासदाकडून पैसे घेत नाहीत, परंतु वर्गणीचे पावती पुस्तक त्याच्यासमोर आणून ठेवतात, आणि काम झाल्यावर बहुतेक जण ती पावती फाडून घेतात. बसायला लाकडी बाके आहेत, पंखे दोन आहेत आणि मे महिन्यात जळगावचा पारा 45 अंशांच्या आसपास गेला म्हणजे त्या दोन पंख्यांखालच्या जागेसाठी चढाओढ होते. पाण्याचा माठ मात्र भरलेला असतो. सोयींविषयी याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

अशा केंद्राची गरज का पडली, हे सरकारी सेवेबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगणे भाग आहे. 31 ऑक्टोबर 2005 च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 पासून नव्याने सेवेत येणाऱ्यांची जुनी, शेवटच्या वेतनाच्या निम्म्या रकमेची हमी देणारी निवृत्तिवेतन योजना बंद झाली आणि तिच्या जागी परिभाषित अंशदान योजना आली, जी पुढे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत विलीन करण्यात आली. कर्मचाऱ्याच्या मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या 10 टक्के रक्कम दरमहा कापली जाते, शासन आपले 14 टक्के घालते, ती रक्कम बाजारात गुंतवली जाते आणि निवृत्तीच्या वेळी साठलेल्या रकमेपैकी किमान 40 टक्के रकमेचे वार्षिकी विमापत्र, म्हणजे पुढे नियमित ठरावीक रक्कम देणारी विमा योजना, घ्यावे लागते. त्यातून महिन्याला काय हाती येईल, हे आज कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. 'एकच मिशन, जुनी पेन्शन' या घोषणेचा जोर या अनिश्चिततेत होता आणि 14 मार्च 2023 रोजी सुरू झालेला राज्यव्यापी बेमुदत संप त्याच मागणीसाठी झाला.

संप सात दिवस चालला. 20 मार्च 2023 रोजी मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्याशी चर्चा झाल्यावर संप करणाऱ्या संघटनांच्या समन्वय समितीचे निमंत्रक विश्वास काटकर यांनी तो मागे घेतल्याचे जाहीर केले, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत नाराजीचा सूर उमटला होता, कारण जुनी पेन्शन मिळाली नव्हती, तिचा विचार करणारी सरकारी समिती मिळाली होती. आमच्याही कार्यालयात 'सात दिवसांत काय पदरात पडले' असे खोचकपणे विचारणारे पुष्कळ होते. त्याच महिन्याच्या 31 तारखेला वित्त विभागाने काढलेला शासन निर्णय मात्र फार थोड्यांनी वाचला. त्या निर्णयाने नव्या योजनेतील कर्मचारी सेवेत असताना मृत्यू पावल्यास त्याच्या कुटुंबाला कुटुंब निवृत्तिवेतन आणि मृत्यू उपदान (ग्रॅच्युइटी), तर आजारपणामुळे सेवा सोडावी लागल्यास रुग्णता निवृत्तिवेतन देण्याची तरतूद झाली. मंडपातल्या भाषणांत या मागणीला दुय्यम जागा होती, पण ज्या घरातला कमावता माणूस गेला त्या घरासाठी तीच पहिली होती.

केंद्राची खरी कामगिरी मी येथेच पाहिली. शासन निर्णय निघाला म्हणजे पैसे मिळाले असे होत नाही, हे सरकारी नोकराला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. मृत कर्मचाऱ्याच्या पत्नीला किंवा आईला नव्या योजनेतील साठलेली रक्कम आणि कुटुंब निवृत्तिवेतन यांपैकी कशाचा विकल्प द्यायचा, तो कोणत्या नमुन्यात द्यायचा, कार्यालय प्रमुखाकडून कोषागाराकडे प्रस्ताव कसा जायचा, यातल्या प्रत्येक पायरीवर प्रकरण अडकते. केंद्रात बसणारे कोषागारातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, ज्यांना सगळे नाना म्हणतात, ही प्रकरणे स्वतः तपासतात. पारोळ्याकडची एक विधवा भगिनी दिराला घेऊन आली होती आणि दीरच सगळे बोलत होता. नानांनी त्याला शांतपणे थांबवले, 'आप्पा, पह्यले कागद दखाडा, मंग बोलू' असे म्हटले, आणि मग वहिनींकडे वळून सेवापुस्तकातले नामनिर्देशनाचे पान त्यांनाच वाचायला लावले. त्या पानावर लग्नापूर्वीचे, म्हणजे आईच्या नावाचे नामनिर्देशन होते आणि ते बदललेलेच नव्हते. हे एक पान आधी न पाहता प्रस्ताव पाठवला असता तर तो त्रुटी लावून परत आला असता. नानांनी वारसा प्रमाणपत्रापासून सासूबाईंच्या संमतिपत्रापर्यंत काय काय लागेल, याची यादी स्वतःच्या हाताने लिहून दिली.

दुसरी गोष्ट जुन्या जाहिरातींच्या गठ्ठ्याची. 2 फेब्रुवारी 2024 च्या शासन निर्णयानुसार, ज्या पदांची जाहिरात वा अधिसूचना 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी निघाली होती, परंतु निवड होऊन नेमणूक त्या तारखेनंतर झाली, अशा शासकीय कर्मचाऱ्यांना जुन्या योजनेत जाण्याचा एकवेळचा विकल्प मिळाला आणि त्यासाठी सहा महिन्यांची मुदत होती. राज्यभरात सुमारे 26 हजार कर्मचाऱ्यांना त्याचा लाभ होईल असे तेव्हा सांगण्यात आले. निर्णय चांगला होता, अडचण पुराव्याची होती. जवळजवळ वीस वर्षांपूर्वी वर्तमानपत्रात छापून आलेली जाहिरात कोण जपून ठेवतो? नियुक्ती आदेशावर जाहिरातीचा क्रमांक असेल तर ठीक, नसेल तर आस्थापना शाखेतला कारकून हात वर करून मोकळा होतो. केंद्राने त्या काळातल्या निरनिराळ्या विभागांच्या भरतीच्या जाहिरातींच्या छायाप्रती जमवून खात्यांनुसार लावून ठेवल्या होत्या. पिवळे पडलेले कात्रण, त्यावर कोणीतरी निळ्या पेनाने केलेली खूण, खाली परीक्षेचे केंद्र धुळे असल्याचा उल्लेख, आणि त्या एका कागदावर एका माणसाच्या निवृत्तीनंतरच्या सगळ्या आयुष्याचा हिशोब बदललेला, हे मी टेबलाच्या अलीकडे बसून पाहिले आहे. स्वतः माझी जाहिरात त्या तारखेनंतरची असल्यामुळे मला त्याचा उपयोग नव्हता. तरीही एवढ्या एका कामासाठी वर्षांची वर्गणी वसूल झाली, असे मी म्हणेन.

माझे स्वतःचे काम योजना निवडण्याचे होते. केंद्र सरकारने 24 ऑगस्ट 2024 रोजी एकीकृत निवृत्तिवेतन योजना मंजूर केली आणि राज्य मंत्रिमंडळाने दुसऱ्याच दिवशी ती स्वीकारली. त्याआधी मार्च 2024 मध्ये राज्याने स्वतःची सुधारित योजनाही जाहीर केलेली होती. त्यामुळे कोणता विकल्प भरायचा याविषयी सर्वत्र संभ्रम होता आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे तक्ते तो वाढवत होते. केंद्रात संगणकावर तयार उत्तर देणारा कार्यक्रम नाही, हे प्रथम मला उणे वाटले होते. नाना कागदावर मांडणी करतात आणि ती आपल्यालाच करायला लावतात. निवृत्तीच्या वेळी मूळ वेतनाची शेवटच्या बारा महिन्यांची सरासरी 60 हजार आणि सेवा 25 वर्षे धरली, तर एकीकृत योजनेत निम्मे, म्हणजे 30 हजार आणि त्यावर महागाईची वाढ. राष्ट्रीय योजनेत 50 लाख साठले असे धरले, तर 30 लाख हातात येतील आणि 20 लाखांच्या वार्षिकीवर 6 टक्के दर धरल्यास महिन्याला 10 हजार मिळतील, जे पुढे महागाईप्रमाणे वाढणार नाहीत. उलट बाजूला, राष्ट्रीय योजनेत 30 लाख आपले राहतात आणि ते मुलांना देता येतात. एवढे मांडून झाल्यावर ते निर्णय आपल्यावर सोडतात. एका बाजूला ढकलत नाहीत, ही या केंद्राची मोठी जमेची बाजू आहे, कारण संघटनेची अधिकृत भूमिका दोन्ही योजना नाकारण्याची आणि जुनी पेन्शनच मागण्याची आहे, आणि तरीही सल्ल्याच्या टेबलावर ती भूमिका रेटली जात नाही.

याच मांडणीत एक मुद्दा असा निघाला की ज्याविषयी संपाच्या भाषणांत मी कधी ऐकले नव्हते. एप्रिल 2016 पासून राज्यसेवेत प्रवेशाची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी 38 आणि मागासवर्गीयांसाठी 43 वर्षे झाली, आणि बहुसंख्य पदांचे निवृत्तीचे वय 58 च आहे. धडगाव-अक्कलकुव्याकडचा आदिवासी उमेदवार, ज्याचे शिक्षण आश्रमशाळेत अडखळत झाले आणि ज्याला चाळिशी ओलांडल्यावर नोकरी लागली, त्याची सेवा जेमतेम 15 वर्षे भरते. एकीकृत योजनेत पूर्ण 50 टक्क्यांसाठी 25 वर्षे लागतात आणि त्याखाली प्रमाणशीर मिळते, म्हणजे त्याच्या वाट्याला 30 टक्के. उशिरा संधी मिळालेल्यासाठी वयाची अट शिथिल करायची आणि निवृत्तिवेतनाचे कोष्टक मात्र पंचविशीत लागलेल्या माणसाला समोर ठेवून आखायचे, ही विसंगती नंदुरबारहून आलेल्या एका वनरक्षकाच्या प्रश्नातून पुढे आली. नानांनी ती टिपून घेतली. ती पुढे मागणीपत्रात गेली किंवा नाही, हे मला कळलेले नाही, आणि विचारल्यावर पदाधिकाऱ्यांनी ताकास तूर लागू दिला नाही.

आता उण्या बाजू. संपाच्या काळात केंद्राने सभासदांना दिलेले मार्गदर्शन नीटनेटके होते. वर्तणूक नियमांनुसार सरकारी कर्मचाऱ्याला संपात सामील होण्यास मनाई आहे, सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात असा हक्क नसल्याचे स्पष्ट म्हटले आहे, 'काम नाही, वेतन नाही' हे धोरण लागू होऊ शकते, आणि कारणे दाखवा नोटीस आली तर उत्तर कसे द्यावे, हे सारे एका छापील पानावर होते. बढाई नव्हती, जोखीम लपवलेली नव्हती. ज्येष्ठ सभासद 1977-78 मध्ये र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या 54 दिवसांच्या संपाचा दाखला देऊन धीर देत होते, तोही आपल्या जागी योग्यच. पण त्या पानावर लोकांविषयी एक ओळ नव्हती. मार्च 2023 मध्ये अवकाळी पाऊस आणि गारपिटीने खान्देशात गहू, हरभरा, मका आणि केळीचे नुकसान झाले, आणि पंचनामे करणारे तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक त्याच आठवड्यात संपावर होते. शेतात आडवा पडलेला गहू किती दिवस तसाच ठेवायचा, काढला तर पंचनाम्याला काय दाखवायचे, असे विचारायला शेतकरी तहसील कार्यालयात येत आणि दाराला कुलूप पाहून परत जात. त्यांतल्या निम्म्यांच्या घरी एखादा सरकारी नोकर असतोच, त्यामुळे मागणीविषयी त्यांच्या मनात राग नव्हता, वेळेविषयी होता. रुग्णालयातल्या तातडीच्या सेवेसारखी पंचनाम्याची कामे संपातून वगळावीत, असे संघटनेने स्वतःहून जाहीर केले असते तर संपाची धार कमी झाली नसती. हे मी केंद्रात बोलून दाखवले, तेव्हा 'तो निर्णय मुंबईचा' असे उत्तर मिळाले. जिल्हा केंद्राला एवढेही स्वातंत्र्य नसेल, तर ते संघटनेचे केंद्र नसून टपालपेटी आहे.

याहून गंभीर उणीव कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या बाबतीत आहे. 9 जुलै 2025 च्या देशव्यापी संपाच्या आधी आणि नंतर, तसेच 21 नोव्हेंबर 2025 पासून चारही श्रमसंहिता अमलात आल्यावर, केंद्रात त्यांविषयी सायंकाळच्या बैठका झाल्या. 29 केंद्रीय कायदे रद्द होऊन त्यांच्या जागी चार संहिता आल्या, औद्योगिक आस्थापनांत संपापूर्वी 14 दिवसांची नोटीस सर्वत्र बंधनकारक झाली, निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी एकाच दिवशी सामुदायिक किरकोळ रजा टाकली तरी तो संपच मानला जाईल, कामगार कपातीसाठी शासनाची पूर्वपरवानगी घेण्याची मर्यादा 100 वरून 300 कामगारांवर गेली, कंत्राटी कामगारविषयक तरतुदी 20 ऐवजी 50 कामगारांपासून लागू होतील, हे सारे वक्त्यांनी व्यवस्थित सांगितले. मुदतीच्या नेमणुकीवरील कामगाराला एका वर्षानंतर उपदान मिळण्याची चांगली तरतूदही त्यांनी वगळली नाही. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत चटई आणि पाइपांचे कारखाने आहेत, शहरात डाळ मिल आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांत 300 च्या खाली माणसे आहेत, एवढे स्थानिक भानही त्या मांडणीत होते.

मात्र बैठक संपल्यावर चोपड्याहून आलेली एक तरुणी टेबलाजवळ आली. ती एका सरकारी कार्यालयात बाह्यस्रोताद्वारे नेमलेली संगणक चालक आहे. कंत्राटदार बदलला, जुन्या कंत्राटदाराने भविष्य निर्वाह निधीची कपात केली पण भरणा केल्याचे तिच्या खात्यावर दिसत नाही, आणि नवा कंत्राटदार तिची सेवा पहिल्या दिवसापासून मोजतो, अशी तिची तक्रार होती. तिच्याकडे भ्रमणध्वनीवर खात्याचे विवरण होते, ते तिने उघडून दाखवले, आणि त्यात सलग काही महिन्यांच्या ओळीच नव्हत्या. टेबलावरच्या कार्यकर्त्याने 'ताई, तुम्ही आमच्या आस्थापनेवर नाहीत, तुम्ही सहायक कामगार आयुक्तांकडे जा' असे सांगून रजिस्टर बंद केले. सल्ला चुकीचा नव्हता. पण अर्ज कसा लिहायचा, मूळ मालक म्हणून त्या सरकारी कार्यालयाची जबाबदारी काय, विवरणाची छायाप्रत जोडायची किंवा नाही, यातले काहीही तिला सांगितले गेले नाही, आणि तेच नानांच्या टेबलावर सेवापुस्तक असलेल्या, म्हणजे शासनाच्या नियमित आस्थापनेवरील, प्रत्येकाला सांगितले जाते. सप्टेंबर 2023 मध्ये शासनाने नऊ खासगी संस्थांमार्फत मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला, तेव्हा त्याविरुद्ध घोषणा देण्यात हीच संघटना पुढे होती आणि ऑक्टोबरमध्ये तो निर्णय रद्द झाल्यावर पेढेही वाटले गेले. कंत्राटीकरणाला विरोध करायचा आणि कंत्राटी माणूस समोर उभा राहिला की रजिस्टर बंद करायचे, यात संघटनेचे धोरण आणि केंद्राची सेवा यांची फारकत दिसते. नाना त्या दिवशी नव्हते. ते असते तर कदाचित वेगळे घडले असते, पण एका निवृत्त माणसाच्या उपस्थितीवर सेवेचा दर्जा अवलंबून असणे हीच मुळात उणीव आहे.

किरकोळ तक्रारी आणखी दोन. भुसावळकडचे रेल्वे कर्मचारी आणि भुसावळ व वरणगावच्या आयुध निर्माणीतले कामगार कधीकधी येथे चौकशीला येतात. त्यांची नवी योजना केंद्र सरकारची, 1 जानेवारी 2004 पासूनची, नियम वेगळे, आणि आयुध निर्माण्यांचे तर 1 ऑक्टोबर 2021 पासून कंपन्यांत रूपांतर झाल्यामुळे प्रश्नच निराळे. त्यांना येथे फारसे काही मिळत नाही आणि तसे दारावरच लिहून ठेवले तर त्यांची फेरी वाचेल. दुसरे म्हणजे केंद्राचा व्हॉट्सअ‍ॅप गट. त्यावर शासन निर्णयांपेक्षा वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि सत्काराची छायाचित्रे अधिक असतात, त्यामुळे विकल्पाची मुदतवाढ झाल्याचा संदेश त्या गर्दीत पार खाली गेला आणि अनेकांना तो दिसलाच नाही.

सेवापुस्तक असलेल्या कर्मचाऱ्यासाठी मी या केंद्राला पाचपैकी चार गुण देईन, कंत्राटी कर्मचाऱ्यासाठी एक, तोही श्रमसंहितांवरील बैठकींसाठी. जायचे असल्यास शनिवार टाळून मंगळवारी किंवा बुधवारी सायंकाळी जावे, त्या दिवशी नाना हमखास असतात. अंशदानाच्या वार्षिक हिशोबाच्या आर-3 चिठ्ठ्या, नियुक्ती आदेश, शेवटची वेतनचिठ्ठी आणि सेवापुस्तकातील नामनिर्देशनाचे पान यांच्या प्रत्येकी दोन छायाप्रती घरूनच काढून न्याव्यात, कारण खालच्या मजल्यावरचे झेरॉक्सचे दुकान सायंकाळी लवकर बंद होते.